राजधानीचे नागपूर आणि आपले नागपूर

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. तीत धम्मावर लेख असतील, परमपूज्य बाबासाहेबांच्या कार्यावर असतील, कविताही असतील. आम्ही मात्र आज विषय घेतला आहे तो आपल्या शहराचा. ज्या रस्त्याने आपण रोज कामावर जातो, ज्या चौकात भाजी घेतो, ज्या वस्तीत आपली लेकरे लहानाची मोठी होतात, त्या रस्त्याला, त्या चौकाला, त्या वस्तीला काही इतिहास आहे की नाही? आहे, आणि तो फार मोठा आहे. पण तो लिहिताना लिहिणाऱ्यांनी बहुतेक वेळा राजवाड्यापासून सुरुवात केली आणि कचेरीपाशी थांबले. मधल्या वस्त्या राहून गेल्या. त्या वस्त्यांत आपण होतो.

नागपूर ही राजधानी होती, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. आधी गोंडांची, मग भोसल्यांची, मग इंग्रजांच्या मध्य प्रांताची आणि स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाची. राजधानी म्हणजे सत्तेची जागा. तेव्हा या सत्तेच्या जागेत आपली जागा कुठे होती आणि ती आपण कशी मिळवली, एवढाच प्रश्न मनात ठेवून या शहरातून एक फेरी मारू या.

बारा खेडी आणि एक कोट

आजच्या नागपूरच्या जागी तीनशे वर्षांपूर्वी लहान लहान खेडी होती. त्यांना 'राजापूर बारसा' म्हणत. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, लेंढरा ही नावे त्याच बारा खेड्यांतली. आजही ती आपल्या तोंडी आहेत, पण ती एके काळची वेगवेगळी गावे होती हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली ही खेडी एकत्र करून नगर वसवले असे मानले जाते. तो औरंगजेबाच्या दरबारी जाऊन आलेला होता, मोठी शहरे कशी असतात ते त्याने पाहिले होते. त्याने बाहेरून शेतकरी आणले, कारागीर आणले, व्यापारी आणले.

त्याच्यामागून चांद सुलतान आला. त्याने देवगडहून राजधानी नागपुरात आणली, शहराभोवती कोट बांधला, आणि जुम्मा तलाव करवला. आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो. कोटाच्या वेशींपैकी जुम्मा दरवाजा महालाच्या तोंडाशी अजून उभा आहे. लोक त्याला गांधी गेट म्हणतात. त्याच्या कमानीखालून जाताना एकदा थांबून पाहा. तिथून आत शहर होते आणि बाहेर रान, शेते, खेडी.

कोट म्हटला की आत आणि बाहेर आले. आपल्या देशात गाव म्हटले की गावकूस आले, आणि गावकुसाबाहेर कोण राहत होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. दरवाजे रात्री शत्रूसाठी बंद होत. जातीचा दरवाजा मात्र दिवसाही बंद असे.

या नगरातून नाग नदी वाहते. अंबाझरीच्या बाजूने येते आणि शहराच्या पोटातून पूर्वेला जाते. आज तिचा नाला झाला आहे, लोक नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतात. पण शहराचे नाव आणि या नदीचे नाव एकच आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे या नावाचे काम पडणार आहे.

भोसल्यांचे नागपूर : महाल आणि वारांचे बाजार

चांद सुलतान वारल्यावर गोंडांच्या घरात वारसाचे भांडण लागले. त्यात मदतीला म्हणून रघूजी भोसले आले आणि १७४३ पर्यंत राज्याचे धनी झाले. मदतीला आलेला पाहुणा घराचा मालक झाला, असा प्रकार. गोंड राजाला नावापुरता मान आणि नेमणूक देऊन ठेवले.

भोसल्यांच्या वाड्यावरून 'महाल' हे नाव पडले. काळ्या दगडाचा मोठा राजवाडा होता. तो १८६४ साली आगीत जळाला, पण वस्तीचे नाव टिकले. महालाच्या अवतीभवती सरदारांचे वाडे, देवळे, कारकुनांची घरे, सराफ आणि कापडवाले होते. आणि बाजार भरत तो वाराप्रमाणे. म्हणूनच आपल्याकडे इतवारी आहे, मंगळवारी आहे, बुधवारी आहे, शुक्रवारी आहे, शनिवारी आहे. परगावचा पाहुणा विचारतो, "तुमच्या गावात आठवडाच राहतो का?" राहतोच तर! कोणत्या दिवशी कुठे विकायला जायचे, हे एकदा ठरले की तीच त्या मोहल्ल्याची ओळख होऊन बसली.

या बाजारात जे कापड येई ते कोण विणत होते? कोष्टी विणत, रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी. मोमीन विणत. आणि आपले महार लोकही विणत होते, जाडेभरडे सुती कापड, गोरगरिबांच्या अंगावर जाणारे. विदर्भात आणि नागपूरच्या आसपास हा आपला जुना धंदा होता. आपले पूर्वज म्हणजे फक्त येसकर आणि वेठबिगार, असे जे चित्र काढले जाते ते अपुरे आहे. त्यांच्या हातात माग होता, बोटांत कसब होते. राजधानीच्या अंगावर त्यांच्या हातचे कापड होते. आणि तरी त्या राजधानीच्या पाणवठ्यावर त्यांच्या हाताचा विटाळ होत होता. आमच्या मते या शहराचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

सीताबर्डीची टेकडी आणि रुंद रस्त्यांचे शहर

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसले हरले. गादी राहिली, पण सत्ता रेसिडेंटाच्या हाती गेली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता, तेवढे निमित्त करून डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातली चीजवस्तू लिलावात निघाली. नागपूरने राजधानीपण गमावण्याची ही पहिली वेळ.

पण शहर मोक्याचे होते. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला आणि त्याची राजधानी पुन्हा नागपूरच केली. आता राजधानी सरकली ती महालातून टेकडीच्या पलीकडे, पश्चिमेला. सिव्हिल लाइन्स झाली. मोठे बंगले, मोठी झाडे, रुंद सरळ रस्ते. पुढे सचिवालय आले, विधिमंडळाची इमारत आली, १९३६ साली हायकोर्ट झाले. १८६७ साली रेल्वे आली आणि रुळांनी शहराचे दोन तुकडे केले. पूर्वेला जुने नागपूर, गल्लीबोळांचे, गर्दीचे. पश्चिमेला साहेबांचे नागपूर, सावलीचे. आजही स्टेशनच्या पुलावरून इकडून तिकडे जा, फरक कळतो.

झीरो माइलचा दगडी खांब त्याच काळातला. चार घोडे आणि एक खांब. इथून देशातली अंतरे मोजली जात, हा भारताचा मध्यबिंदू, असे आपण पाहुण्यांना सांगतो. मोजणी खात्याची ती खूण आहे एवढे खरे. पण मोजणाऱ्यांनी मैल मोजले. महालापासून महारवाड्यापर्यंतचे अंतर मोजायला साखळी नव्हती कोणाजवळ.

गिरणीचा भोंगा

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाच्या बाजूला कापडाची गिरणी सुरू केली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल. पुढे मॉडेल मिल आणि इतर कारखाने निघाले. विलायती आणि गिरणीच्या कापडापुढे हातमाग बसले. ज्याचा माग बसला तो गिरणीत गेला. घरात विणणारा माणूस भोंग्यावर पळू लागला.

या गिरणीने आपले नुकसानही केले आणि एक उपकारही केला. खेड्यात महार म्हणून जन्माला आलेल्या माणसाला वेठ चुकत नव्हती. बलुते म्हणजे उष्टे-पाष्टे आणि शिळे तुकडे. गिरणीत मात्र महिन्याच्या महिन्याला हातात रोख पगार आला. तो थोडा होता, पण कोणाच्या दारात जोहार घालून मागितलेला नव्हता. रोख पैसा हातात आला की माणूस ताठ उभा राहतो. त्याला सभेला वर्गणी देता येते, मुलाला पाटी घेता येते, वर्तमानपत्र विकत घेता येते. नागपूरच्या चळवळीला जो दम होता त्याच्या मागे हा पगार होता, असे आम्हाला वाटते.

गिरणी आणि रेल्वेच्या आधाराने वस्त्या वाढल्या. पाचपावली, इंदोरा, लष्करीबाग, गड्डीगोदाम, बेझनबाग. बेझनबाग हे नाव एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून आलेले आहे. शहराच्या उत्तरेला या वस्त्यांना जोडणारा रस्ता म्हणजे कामठी रोड. १८२१ साली कामठीला इंग्रजांची छावणी पडली आणि हा रस्ता महत्त्वाचा झाला. छावणी म्हटली की कामे आली, हमाली आली, विड्यांचे कारखाने आले.

या कामठी रोडवर डोक्यावर ओझे घेऊन नागपूर ते कामठी पायी ये-जा करणारी एक बाई होती, जाईबाई चौधरी. गरिबीमुळे हमाली करत होत्या. एका मिशनरी बाईंची त्यांच्यावर नजर गेली, त्यांना शिकवले, शाळेत मास्तरीण केले. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हटल्यावर लोकांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. दुसरी कोणी असती तर पुन्हा ओझे उचलून गप्प बसली असती. जाईबाईंनी १९२२ साली स्वतःच मुलींची शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावाने. त्यांच्या आधी १९०७ सालीच किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरात आपल्या मुलींसाठी शाळा सुरू केली होती. बनसोड्यांनी वर्तमानपत्रे काढली, 'मजूर पत्रिका' चालवली. गिरणीतल्या माणसाला वाचायला काही मिळावे म्हणून ही धडपड होती. राजधानीत मोठमोठी कॉलेजे होती, त्याच राजधानीच्या एका कोपऱ्यात शेणाने सारवलेल्या जागेवर आपल्या आज्या अ-आ-इ शिकत होत्या. कोणते विद्यालय मोठे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि कामठीचेच बाबू हरदास एल. एन. कामठी मतदारसंघातून १९३७ साली कायदेमंडळात निवडून गेले, विडी कामगारांची संघटना बांधली. आज आपण एकमेकांना भेटलो की 'जय भीम' म्हणतो, तो अभिवादनाचा शब्द रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. १२ जानेवारी १९३९ ला ऐन तरुणपणी ते गेले. नुकतीच पस्तिशी गाठली होती. एवढ्याशा आयुष्यात त्यांनी जो शब्द दिला तो आता साऱ्या देशात ऐकू येतो. 'जोहार मायबाप' म्हणणारा समाज 'जय भीम' म्हणू लागला, तो या कामठी रोडच्या दोन्ही बाजूंना.

मैदाने आपली झाली

रस्ता आणि चौक सगळ्यांचे असतात असे म्हणतात. पण जिथे माणसाच्या सावलीचा विटाळ मानतात तिथे चौकात उभे राहणे हाच एक लढा असतो. नागपूरच्या मैदानांवर आपला समाज टप्प्याटप्प्याने आला.

मे १९२० च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते राजर्षी शाहू छत्रपती. तरुण बाबासाहेब तिथे आले होते. देशात त्या वेळी आपल्यासाठी बोलण्याचा मक्ता इतरांनी घेतला होता, तो बाबासाहेबांनी या परिषदेत मोडून काढला. ८ ऑगस्ट १९३० ला पुन्हा नागपुरातच दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली, या वेळी अध्यक्ष स्वतः बाबासाहेब होते. गोलमेज परिषदेला जाण्याआधी त्यांनी आपली भूमिका देशासमोर मांडली ती आपल्या शहरातून.

त्यानंतर जुलै १९४२. जागा मोहन पार्क. १८ आणि १९ जुलैच्या परिषदेत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना ठरली. अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज होते. २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका आल्या. गिरणीतून सुटून आलेल्या, विडी वळणाऱ्या, कडेवर लेकरू घेऊन आलेल्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की समाजाची प्रगती आम्ही स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. आपल्या विहारात आज उपासिका पुढे बसतात, कारभार पाहतात, त्याची पायवाट मोहन पार्कातून आलेली आहे.

१९४६ साली पुण्याप्रमाणे नागपुरातही विधिमंडळासमोर फेडरेशनने सत्याग्रह केला. लोक जथ्याजथ्याने गेले आणि तुरुंग भरले. त्यांत बायकाही होत्या. ज्या सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवर आपली माणसे आजवर झाडू घेऊन किंवा ओझे घेऊन जात, त्याच रस्त्यांवरून ती या वेळी आपली मागणी घेऊन गेली.

अठरा दिवसांचा हिशोब

आता १९५६ चा ऑक्टोबर घ्या. ११ ऑक्टोबरला बाबासाहेब विमानाने नागपुरात उतरले आणि सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात राहिले. ज्या सीताबर्डीवर भोसल्यांचे राज्य गेले, त्या सीताबर्डीवरच हे चार दिवस एक वेगळेच केंद्र तयार झाले होते. वामनराव गोडबोले आणि भारतीय बौद्ध जन समितीचे कार्यकर्ते, त्या वेळचे उपमहापौर सदानंद फुलझेले, अशी मंडळी दिवसरात्र राबत होती. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची मोकळी जागा ठरली होती. तोवर या जागेला शहराच्या इतिहासात काही स्थान नव्हते. राजाचा वाडा नाही, इंग्रजांची कचेरी नाही, देऊळ नाही, बाजार नाही. उघडे मैदान.

लोक कसे आले ते आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्याला सांगितलेले आहे. रेल्वेने आले, बैलगाड्यांनी आले, पायी आले. पांढरी वस्त्रे घालून आले. भाकरी बांधून आणल्या होत्या. नागपूरच्या वस्त्यांनी आपली घरे त्यांच्यासाठी उघडली. १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, कुशीनाऱ्याचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले. मग बाबासाहेबांनी लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडले हे उलगडून सांगितले. काहींनी तर्क केला होता की इथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ठाणे आहे म्हणून हे गाव निवडले. ते खरे नाही, असे बाबासाहेबांनी स्पष्ट केले. बुद्धाचा धम्म भारतभर पसरवणारे नाग लोक होते आणि ही भूमी त्या नागांची आहे, म्हणून नागपूर, असे त्यांचे म्हणणे होते. नाग नदीचे नाव लक्षात ठेवा असे आम्ही वर म्हटले ते यासाठी. सगळे ज्या नदीला नुसते ओलांडत होते, तिच्या नावात बाबासाहेबांनी आपला इतिहास वाचून दाखवला. त्याच मुक्कामात नागपूर महानगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. एके काळी ज्यांना कोटाबाहेर ठेवले त्यांच्या नेत्याचा गौरव शहराने शहर म्हणून केला.

आता हिशोब पाहा. १४ ऑक्टोबरला दीक्षा झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना अमलात आली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. म्हणजे दीक्षेनंतर बरोबर अठराव्या दिवशी नागपूरचे राजधानीपण दुसऱ्यांदा गेले. सचिवालय सुने झाले. फायली, कारकून, अधिकारी भोपाळला गेले. शहरात मोठी हळहळ झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर नागपूर कराराप्रमाणे हिवाळी अधिवेशन इथे भरू लागले आणि उपराजधानी हा शब्द तोंडी आला, पण गेलेले ते गेलेच.

सत्ता देते ती राजधानी सत्ता काढूनही घेते. १८५४ साली लंडनच्या आणि कलकत्त्याच्या कागदाने घेतली, १९५६ साली दिल्लीच्या कायद्याने घेतली. पण त्या उघड्या मैदानाला मिळालेले स्थान कोणत्याही कागदाने मिळालेले नव्हते, म्हणून कोणत्याही कागदाने ते गेले नाही. आज दरवर्षी अशोक विजयादशमीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशाच्या कानाकोपऱ्यातून, परदेशातूनही माणसे येतात. विचारा त्यांना, नागपुरात काय पाहायचे आहे? महाल नाही, सचिवालय नाही. दीक्षाभूमी. भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप आणून इथे लावले. आर्किटेक्ट शिवदानमल यांच्या आराखड्याप्रमाणे स्तूप उभा राहिला आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. स्वतः दलित समाजातून आलेला राष्ट्रपती त्या मैदानावर उभा होता, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

चौकांना नावे कशी मिळतात

दीक्षेनंतर लोकांनी सगळ्यात आधी काय बदलले? घरातले देव नाग नदीत आणि विहिरीत गेले हे खरे. पण त्याबरोबर वस्त्यांची नावे बदलली. महारपुरा, महारवाडा ही नावे गेली आणि पंचशीलनगर, सिद्धार्थनगर, आनंदनगर, भीमनगर अशी नावे आली. कोणी ठराव केला नाही, कोणी राजपत्र काढले नाही. पत्र्याच्या तुकड्यावर चुन्याने नाव लिहिले आणि गल्लीच्या तोंडाशी ठोकले. पोस्टमनला सवय झाली, मग रेशनकार्डावर आले, मग मतदारयादीत आले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण आपल्या आजोबांनी ते काम चौसष्ट वर्षे आधी सुरू केले होते.

काही जागांची नावे मात्र रक्ताने लिहिली गेली आहेत. इंदोऱ्याचा दहा नंबर पूल. आजच्या मुलांना तो ऑटो थांबतो तेवढ्यापुरता माहीत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांची घरे जळू लागली. त्याच्या निषेधात ४ ऑगस्ट १९७८ ला नागपुरात लोक रस्त्यावर आले. इंदोऱ्यात पोलिसांनी गोळीबार केला. माणसे गेली, त्यांत अविनाश डोंगरेसारखा कोवळा पोरगाही होता. विद्यापीठ शेकडो किलोमीटरवर, तिथे शिकायला जाणारा इंदोऱ्यातला एखादाच असेल. तरी या वस्तीने नावासाठी जीव दिला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. दहा नंबर पुलाजवळ आज शहीद स्मारक आहे.

आणि रिझर्व्ह बँक चौक. सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी, विधान भवनाच्या हाकेच्या अंतरावर. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि त्या चौकाला आता संविधान चौक म्हणतात. १४ एप्रिलच्या रात्री बारा वाजता तिथे पाय ठेवायला जागा नसते. कुठल्याही समाजावर अन्याय झाला, शेतकरी असो, अंगणवाडीच्या बाया असोत, विद्यार्थी असोत, लोक निवेदन घेऊन आधी संविधान चौकात जमतात. राजधानीच्या मधोमध असलेली जागा पुन्हा एकदा सर्वांची झाली, आणि ती ज्या नावाने झाली ते नाव आपण जपलेले आहे.

डिसेंबर २०२२ पासून कामठी रोडवर वरून मेट्रो धावते. गाडीत बसले की नावे ऐकू येतात : झीरो माइल, कस्तुरचंद पार्क, गड्डीगोदाम चौक, कडबी चौक, इंदोरा चौक. पाच-सात मिनिटांत इंग्रजांच्या राजधानीतून आपल्या वस्तीत येतो आपण. जाईबाई चौधरींना हाच रस्ता डोक्यावर ओझे घेऊन चालायला किती वेळ लागत असेल, एवढे मनात आणावे. एम्प्रेस मिल बंद पडली आणि त्या जागी मॉल उभा राहिला. मॉलमध्ये जाणाऱ्या आपल्या पोरांना निदान इतके ठाऊक असावे की इथल्या भोंग्यावर आपले पणजोबा उठत होते.

आपले काम

राजेलोकांचा इतिहास लिहायला बखरकार होते, इंग्रजांचा लिहायला गॅझेटियर होते. आपल्या गल्लीचा इतिहास कोण लिहिणार? महालातला वाडा पडला तरी त्याची नोंद कागदावर आहे. आपल्या वस्तीत पहिला विहार कुडाचा होता की विटांचा, जागा कोणी दिली, पहिली बुद्धमूर्ती कोणी आणि कशी आणली, विहीर कोणाच्या श्रमदानाची, वस्तीचे जुने नाव काय आणि ते कोणी बदलले, हे सारे आज फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांनी १९५६ ची दीक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, समजत्या वयात पाहिली, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. आणखी दहा वर्षांनी विचारायला जाल तर कोणाला विचाराल?

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. विहारात एक जाड वही ठेवावी. दर रविवारी वंदनेनंतर एका वडीलधाऱ्या माणसाला किंवा आजीला बसवावे आणि मुलांनी विचारून लिहून घ्यावे. नाव, गाव, कोणत्या गिरणीत किंवा कोणत्या कामावर होते, या वस्तीत कधी आले, दीक्षेला कसे गेले, कोणासोबत गेले. शब्द त्यांचेच ठेवावेत, सुधारू नयेत. घरात जुना फोटो असेल तर त्याची प्रत काढून वहीत लावावी. वस्तीचा एक नकाशा मुलांनी हाताने काढावा, त्यात जुनी नावे लिहावी. खर्च काही नाही. वर्षभरात जे जमेल ते पुढच्या स्मरणिकेत छापावे.

बाबासाहेबांनी एका नदीच्या नावावरून हजारो वर्षांचा धागा जोडून दाखवला. आपल्याला तर शंभर वर्षांचाच जोडायचा आहे, आणि तो सांगणारी माणसे अजून आपल्याच गल्लीत, आपल्याच ओट्यावर बसलेली आहेत. त्यांच्याजवळ जाऊन बसा.

सर्व उपासक-उपासिकांना विहाराच्या वर्धापनदिनाच्या मंगल कामना. जय भीम! नमो बुद्धाय!